वाचक विचारतात : खानदेशातले आदिवासी, इंग्रजांचे कायदे आणि आजचा बाजार

इंग्रजी राजवट आणि जगाचा बाजार यांनी आदिवासी समाजाचं काय केलं, या विषयावर धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेले आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्यांना पुढे अर्ज किंवा अपील करायचं आहे, त्यांच्यासाठी तपशील मुद्दाम सविस्तर दिला आहे.

प्रश्न : इंग्रजांनी भिल्लांना शांत केलं आणि खानदेशाची घडी बसवली, असं आम्ही वाचत आलो. परीक्षेतही तसंच लिहितो. पण घरी आजोबांकडून ऐकलेलं वेगळं आहे. नेमकं काय झालं होतं?
– पदवीचा विद्यार्थी, शहादा

उत्तर : आजोबांचं ऐकलेलं आधी वहीत उतरवून ठेवा. पुढच्या उत्तरात तो कागद कामाला येणार आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्याआधीच्या धामधुमीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पडली होती, हे खरं. सातपुडा आणि सातमाळ्याचे घाट भिल्ल नाईकांच्या राखणीत होते. वाट राखायची आणि त्याबद्दल गावांकडून, व्यापाऱ्यांकडून ठरलेला हक्क घ्यायचा, अशी रीत होती. नव्या सरकारने हे हक्क आपल्या हिशेबात बसवायला घेतले आणि संघर्ष पेटला. आधी फौजा पाठवल्या. डोंगर आणि हिवताप यांच्यापुढे त्या टिकेनात. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली, सरकारने भिल्ल एजन्सी (भिल्लांचा कारभार पाहणाऱ्या कचेऱ्या) नेमल्या, बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज दिलं. ‘शांत केलं’ म्हणतात ते एवढंच. आपल्याच माणसांकडून आपल्या माणसांवर पहारा, तोही पगारी. ही शांतता किती वरवरची होती हे १८५७-५८ मध्ये दिसलं. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा सेंधव्याचा घाट राखणारे खाज्या नाईकच भीमा नाईकांसोबत उठावात उतरले. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली.

पण आमच्या मते आदिवासींचं खरं नुकसान लढायांत झालं नाही, ते कचेरीत झालं. जमिनीची मोजणी आली. प्रत्येक तुकड्याला नंबर आणि खातेदार म्हणून एक नाव लागू लागलं. भाऊबंदांत सामाईक असलेलं, चार वर्षं पिकवून पडीक टाकायचं शेत या चौकटीत बसेना. सारा रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा, त्यामुळे सावकाराचा उंबरठा आला. आणि नावावर झालेली जमीन गहाण टाकता येते, विकता येते, म्हणजेच ती हातातून जाऊही शकते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं. जागतिकीकरण १९९१ नंतर आलं असं म्हणणाऱ्यांनी ही चार-पाच वर्षं डोळ्यांखालून घालावीत.

जंगलाचं तसंच झालं. १८६५ चा आणि त्याहून कडक १८७८ चा वन कायदा आला. जंगलाचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे भाग पडले. लाकूडफाटा, चराई, डिंक, राब जाळून केलेली शेती यांतलं काही गुन्हा ठरलं आणि काही ‘सवलत’ झालं. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, हक्क तसा काढता येत नाही. सगळी मेख इथे आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा याच चौकटीवर बेतलेला आहे आणि तो आजही चालू आहे. १८७८ च्याच मुंबई अबकारी कायद्याने घरच्या मोहाची दारू गाळणं गुन्हा केलं. देवाला धार द्यायची तीही त्यात आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवलं. पारधी समाजासह कितीतरी जमातींच्या मानेवरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून उतरला. पोलीस ठाण्यातून तो अजून पुरता उतरलेला नाही.

परीक्षेत लिहायचं तर भिल्ल पलटण, जमीनमोजणी, वन कायदा, अबकारी या क्रमाने लिहा. गुण कमी पडणार नाहीत.

प्रश्न : आमचं नेवाड (जंगलजमिनीवरचं वहितीचं शेत) आजोबांपासून आहे. वनहक्काचा दावा केला तो ‘उपग्रह नकाशात शेती दिसत नाही’ म्हणून फेटाळला. दुसऱ्या एकाची सहा एकर वहिती आणि मंजुरी दोन एकरांची. आता काय करायचं?
– एक शेतकरी, धडगाव तालुका

उत्तर : असे प्रश्न सातपुड्यातून सर्वांत जास्त आले आहेत, म्हणून उत्तर लांबवतो.

पहिली गोष्ट, घाबरून जमीन सोडू नका. वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(५) सांगतं की पडताळणी आणि मान्यतेचं काम पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १३ फेब्रुवारी २०१९ ला दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. त्याला त्याच महिन्यात, २८ तारखेला, कोर्टानेच स्थगिती दिली.

दुसरी गोष्ट, निर्णय लेखी मागा. ‘नामंजूर’ एवढं तोंडी सांगणं चालत नाही. कारणासह लेखी कळवणं नियमानुसार बंधनकारक आहे. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत अर्ज करायचा. हे दिवस तुम्हाला कळवल्यापासून मोजायचे असतात, म्हणून कागद हातात पडल्याची तारीख त्याच कागदावर टाका आणि घेताना सही केली असेल तर तिची नक्कल ठेवा. मे २०२० मध्ये राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेनंतर जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडे दाद मागता येते. आपल्यासाठी ती नाशिकला आहे.

आता पुरावा. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यातले किमान दोन लागतात. उपग्रहाचं छायाचित्र हा त्यांतला एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार समितीला एखाद्याच प्रकारच्या पुराव्यावर अडून बसता येत नाही. तुमच्याकडे बहुधा हे असेल : वन विभागाच्या जुन्या दंडपावत्या (ज्या पावतीने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तीच आता तुम्ही त्या वर्षी तिथे होता हे सिद्ध करते), शेतातले दगडी बांध, सपाट केलेला चढ, विहीर किंवा झिरा, पूर्वजांची थडगी, वाघदेवाचं किंवा गावदेवीचं ठिकाण, वंशावळ, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब. जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. दुसऱ्या वयस्क माणसाचा हवा आणि तो लिहून घेतलेला हवा. ‘हे नेहमीपासून कसतात’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक दुष्काळात यांच्या वडिलांनी इथे भादी पेरली होती, वरच्या अंगाला नाला, खालच्या अंगाला अमुकाचं शेत’ असं लिहा. घटना, हद्द आणि पीक या तीन गोष्टी असल्या की जबाबाला वजन येतं.

उपग्रह चित्राबद्दल तीन प्रश्न लेखी विचारा : चित्र कोणत्या तारखेचं, कोणत्या महिन्यातलं, आणि त्यावर शेताची हद्द कोणी आखली? १३ डिसेंबर २००५ ला ताबा असणं ही कायद्याची अट आहे. उन्हाळ्यातल्या चित्रात पीक दिसणारच नाही. शेतात मोह, चारोळी, आंबा राखलेले असतील तर वरून ते जंगलासारखं दिसतं. झाडं तोडली नाहीत याची ही शिक्षा, आणि ती आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा अन्याय आहे. झाडांची संख्या, जात आणि अंदाजे वय यांची यादी जोडा. राखलेलं झाड हाही वहिवाटीचाच खुणेचा दगड असतो.

क्षेत्र कमी का भरतं, याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. एक, मोजणी चढावर आहे. टेपने चढाच्या अंगाने १०० मीटर भरलं आणि चढ ३० अंशांचा असला, तर नकाशावर ते ८६-८७ मीटरच येतं. म्हणून हेक्टरी दहा-बारा गुंठे कमी दिसले तर ती फसवणूक नसेलही. अर्ध्याहून जास्त कमी झालं तर मात्र कारण वेगळं आहे. दोन, यंत्राने फक्त चार कोपरे घेतले आणि शेत नाल्याच्या वळणाचं आहे. हद्दीवर प्रत्येक वळणाला बिंदू घ्यायला सांगा, झाडाखाली नव्हे तर उघड्यावर, आणि यंत्र थोडा वेळ स्थिर धरून. तीन, शेत दोन कंपार्टमेंटमध्ये (वन विभागाने पाडलेले जंगलाचे क्रमांकवार भाग) पसरलंय आणि दाव्यात एकच कंपार्टमेंट क्रमांक लिहिलाय. हे फार घडतं. चार, भावांच्या वहितीचा एकच दावा टाकला. कायद्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे, म्हणून वेगवेगळी कुटुंबं असतील तर वेगवेगळे दावे हवेत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. तो वारसाने जातो, विकता येत नाही.

फेरपडताळणी मागताना ग्रामसभेचा ठराव जोडा. दाव्यावर ठराव करायचा तर ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया हव्यात, आणि दावेदारांपैकी निम्मे तरी हवेत. ऊसतोडीला गाव रिकामं झाल्यावर डिसेंबरात सभा बोलावली की गणपूर्ती होत नाही आणि पुढे ठराव उडतो. पोळ्यानंतर, दिवाळीच्या आत सभा घ्या. सह्या आणि अंगठे पाड्यानुसार वेगळ्या पानांवर घ्या, म्हणजे मोजणी सोपी जाते.

आणि एवढ्यावर थांबू नका. वैयक्तिक दावा ‘नमुना अ’ मध्ये असतो. सामूहिक हक्कांसाठी ‘नमुना ब’ आणि अख्ख्या गावाच्या जंगलासाठी ‘नमुना क’ आहे. बांबू, तेंदूपान, मोहफूल, डिंक, मध यांवरची मालकी आणि जंगल राखण्याचा अधिकार त्यातून मिळतो. इंग्रजांनी जे गावाकडून घेतलं ते मुख्यतः हेच होतं.

प्रश्न : धरणग्रस्तांना जमिनी मिळाल्या, घरं मिळाली, रस्ते झाले. तरी तक्रार कशाची? देशाला वीज आणि पाणी नको का?
– निवृत्त अभियंता, धुळे

उत्तर : वीज हवी, पाणी हवं. तक्रार हिशेबाची आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान २ हेक्टर, आणि सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब असं ठरवून दिलं. कागदावर हे त्या काळातलं चांगलं पॅकेज होतं. अडचण कुठे आली? जमीन ज्याच्या नावावर त्याला जमीन. नेवाड कसणाऱ्याच्या नावावर काही नव्हतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसूनही तो ‘अतिक्रमणदार’. म्हणजे १८७८ ची रेघ १९७९ च्या भरपाईत उतरली. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर ठपका ठेवला आणि १९९३ मध्ये भारत सरकारने कर्जाची उरलेली रक्कम घेणं थांबवलं. दुसरीकडे, विस्थापितांसाठी तळोद्याचं जंगल मोकळं केलं तेव्हा तिथे आधीपासून नेवाड कसणारे आदिवासीच होते. दोन आदिवासी गट समोरासमोर आले.

शिवाय काही गोष्टी हेक्टरमध्ये मोजताच आल्या नाहीत : नदीची मासळी, काठावरची मळईची शेती, पलीकडच्या तीरावरची सोयरीक, चारा, औषधी मुळ्या. रोख लागत नव्हतं त्या घराला वसाहतीत पहिल्या दिवसापासून सरपण, भाजी, चारा विकत घ्यावा लागतो.

आज परिस्थिती एका बाबतीत बदलली आहे. ओडिशात नियमगिरीवर वेदांता समूहासाठी बॉक्साइटची खाण होणार होती. सुप्रीम कोर्टाने १८ एप्रिल २०१३ ला निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि त्या वर्षी घेतलेल्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. डोंगर वाचला. मात्र २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम केंद्राच्या मंजुरीआधी करायची अट काढून राज्यांकडे ढकललं आहे. म्हणून सामूहिक दावा आधीच मंजूर करून घेतलेला बरा. प्रकल्प दारात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या पाड्यांत आता सगळीकडे संकरित मका. जुनी पांढरी मका, मोठी ज्वारी आणि भादी, मोर, बंटी ही भरडधान्यं दोन-चार घरांतच उरलीत. बियाणं टिकवायचं तर नेमकं कसं? कायद्याने काही अडचण?
– महिला बचतगट, अक्कलकुवा तालुका

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार शेतकरी आपलं बियाणं राखू, पेरू, देऊ-घेऊ, विकूही शकतो. फक्त ब्रँडची पिशवी म्हणून विकता येत नाही. गावाचा वाण गटाच्या नावे नोंदवायला फी नाही.

संकरित मका लावू नका असं आम्ही म्हणणार नाही. रोकड लागते. पण ती मका पोल्ट्री आणि कारखान्याची आहे, तिचा भाव गावाच्या हातात नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि खाद्याची मागणी आटली. ज्याच्या कणगीत घरची ज्वारी होती त्याच्या चुलीला त्याची झळ कमी लागली. संकरिताचं दाणं राखून पेरलं तर दुसऱ्या वर्षी झाडं उंच-बुटकी, कणसं लहान-मोठी निघतात. म्हणून दर वर्षी पिशवी विकत घ्यावीच लागते.

आता पद्धत. मका आणि ज्वारी यांना एकच नियम लावू नका, बहुतेकांचं बियाणं इथेच बिघडतं.

मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. शेजारच्या संकरित मक्यापासून किमान २०० मीटर अंतर हवं. पाड्यावर एवढी जागा नसेल तर पेरणीत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे दोन्हींचा तुरा एका वेळी येत नाही. पांढऱ्या मक्याची एक सोय आहे. पिवळ्या मक्याचा पराग पडला तर त्याच वर्षी, त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात. कणीस सोलून असे दाणे वेचून खायला घ्या, बियाण्याला नको. जुना वाण पिवळाच असेल तर भेसळ डोळ्यांना दिसत नाही, तिथे अंतराला पर्याय नाही. बियाणं कमीत कमी ५०, जमल्यास १०० कणसांतून घ्या. दोन-चार सुंदर कणसांवर वाण राखला तर काही वर्षांत झाडं खुरटतात, कारण सगळी एकमेकांची सख्खी भावंडं होतात. कणसाच्या टोकाचे आणि बुडाचे दाणे सोडा, मधले घ्या.

ज्वारी बरीचशी आपल्याच परागाने धरते, तिला एवढं अंतर लागत नाही. कणीस उभ्या पिकात निवडा. काठाच्या ओळी सोडून आतलं ताट घ्या, कारण काठाला मोकळी जागा आणि खत जास्त मिळतं, तिथलं कणीस मोठं दिसतं ते वाणामुळे नव्हे. निवडलेल्या ताटाला लाल दोरा बांधा. खळ्यावर आल्यावर निवडायला बसलं तर कोणतं ताट लोळलं, कोणाला काणी आली, हे कळत नाही.

वाळवण : दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून दोन-तीन उन्हं द्या. दुपारचं गरम दाणं लगेच कणगीत भरू नका, रात्रभर पसरून गार होऊ द्या, नाही तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. दहा किलोला अर्धा ते एक किलो चाळलेली लाकडाची राख मिसळा. तूर, चवळी, उडीद यांत भुंग्याची अंडी शेतातूनच येतात, म्हणून राखेआधी कडक ऊन द्या आणि किलोला चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, गोडं तेल चोळा. कणगी आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपा आणि पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका.

रोहिणी लागण्याच्या आधी उगवण तपासा. न निवडता १०० दाणे ओल्या पोत्यात ओळीने गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. ७५ च्या वर कोंब आले तर ठीक, ६० आले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा, ५० च्या खाली आले तर ते दळून खा. एक वाण किमान तीन घरांत, तीन वेगळ्या पाड्यांवर ठेवा. एका घराला आग लागली, उंदीर लागले, किंवा घर ऊसतोडीला गेलं तरी वाण जात नाही. वहीत वाणाचं नाव, कोणाकडून आलं, किती दिवसांत येतो आणि कशासाठी खातात एवढं लिहा.

जैवविविधता कायदा २००२ नुसार गावात जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात वाणांची नावं जरूर लिहा. औषधी वनस्पतीचं नाव लिहायलाही हरकत नाही, पण कोणतं मूळ किती प्रमाणात कशात उगाळायचं हा तपशील ग्रामसभेत ठरल्याशिवाय लिहू नका. अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्यावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुने लेखी दाखले दाखवून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. हळदीचे दाखले ग्रंथांत होते. पाड्यावरच्या पुजाऱ्याच्या ज्ञानाचे नाहीत. म्हणून नोंद हवी, पण तिची किल्ली गावाकडे हवी. केरळच्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून औषध बनलं, तेव्हा परवाना शुल्क आणि रॉयल्टी यांतला निम्मा वाटा त्यांना देण्याचं ठरलं. असा करार होऊ शकतो, पण मागितल्यावरच.

प्रश्न : पहिलीतली मुलं घरी पावरी किंवा मावची बोलतात. मला ती येत नाही. पालक म्हणतात इंग्रजी शिकवा. मुलं मात्र दोन वर्षं गप्प बसतात. मी काय करू?
– शिक्षिका, तळोदा

उत्तर : ती गप्प बसतात कारण वर्गातला पहिला शब्दच त्यांना कळत नाही. पालकांचं म्हणणं चुकीचं नाही, इंग्रजीला पगार मिळतो. पण घरच्या भाषेतून वाचायला शिकलेलं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं. संविधानाचं कलम ३५०-अ आणि शिक्षणहक्क कायदाही मातृभाषेच्या बाजूने आहेत.

सुरुवात अशी करा. आधी वर्गात कोणाची कोणती भाषा ते लिहून काढा. पावरी, मावची, देहवाली, कोकणी या वेगळ्या आहेत, ‘आदिवासी भाषा’ नावाची एक भाषा नाही. मग तीन गट धरा : शरीर आणि घर, जनावरं आणि झाडं, आणि क्रियापदं. क्रियापदं बहुतेक शिक्षक विसरतात आणि मग मुलांना ‘उघड’, ‘मोज’, ‘जोड’ कळत नाही. शब्द मुलांनी सांगायचे आणि तुम्ही फळ्यावर देवनागरीत लिहायचे. मराठीत नसलेल्या उच्चारासाठी एक खूण ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा. आठवड्यातून एकदा गावातल्या म्हाताऱ्या बाईला गोष्ट सांगायला बोलवा, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पुढच्या आठवड्यात त्याच गोष्टीतली पाच वाक्यं वाचायला द्या. परीक्षेत पहिली दोन वर्षं तोंडी उत्तर घरच्या भाषेत चालवा. स्नेहसंमेलनात एक आदिवासी नाच बसवला म्हणजे भाषा आली, असं समजू नका.

निवासी शाळांबद्दल एक चिंता बोलून दाखवतो. कॅनडात सरकारी-मिशनरी निवासी शाळांत दीड लाखांहून जास्त आदिवासी मुलं घरापासून तोडून ठेवली. भाषा बोलली तर शिक्षा. २०१५ च्या सत्यशोधन आयोगाने त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. आपल्या आश्रमशाळांचा हेतू तो नाही. पण सहा वर्षांचं मूल दूरच्या नामांकित इंग्रजी शाळेत गेलं आणि वर्षातून दोनदाच घरी आलं, तर आजीशी बोलायची भाषा तशीच तुटते. तिसरी-चौथीपर्यंत मूल गावातच राहील असं पाहा. होळी, इंदल अशा सणांच्या दिवसांना सुट्टी द्या आणि ती सुट्टी गैरहजेरीत धरू नका.

प्रश्न : काठी गावच्या होळीला आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आता नाचणाऱ्यांपेक्षा मोबाईल जास्त. थांबवावं का?
– एक तरुण, मोलगी

उत्तर : येणाऱ्याला थांबवू नका, गावाचा नियम लावा. बुध्या, म्हणजे होळीला नवसाने सजून नाचणारा, होणारा माणूस आधी कितीतरी दिवस पाळणी पाळतो : खाटेवर झोपत नाही, घरातल्यांना शिवत नाही. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, हे सगळं नवसाचं असतं. त्याला मध्ये थांबवून सेल्फी मागणं म्हणजे पूजा मोडणं. ग्रामसभेने चार ओळींचा ठराव करावा : रिंगणाबाहेर उभं राहायचं, बायांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, विक्रीसाठी चित्रण करायचं तर आधी लेखी परवानगी आणि ग्रामकोशात रक्कम, ड्रोन नाही. फलक बाजाराच्या वाटेवरच लावा. तारखा पर्यटनाच्या सोयीने बदलायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न : ९ ऑगस्टला आम्ही मिरवणूक काढतो. हा दिवस आला कुठून? भारत सरकार आम्हाला ‘मूलनिवासी’ मानतं का?
– वाचक, चोपडा

उत्तर : आदिवासींच्या प्रश्नांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक ९ ऑगस्ट १९८२ ला झाली, त्यावरून हा जागतिक आदिवासी दिन. १३ सप्टेंबर २००७ ला आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत झाला. विरोधात फक्त चार देश होते : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. भारताने बाजूने मत दिलं, पण आपली भूमिका अशी ठेवली की स्वातंत्र्यानंतर सर्वच भारतीय इथले मूळचे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींविषयीचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार भारताने मान्य केलेला नाही. म्हणून कचेरीत जाहीरनामा दाखवण्यापेक्षा संविधानाची पाचवी अनुसूची, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, त्याचे २०१४ चे महाराष्ट्र नियम आणि वनहक्क कायदा दाखवा, ते बंधनकारक आहेत.

प्रश्न : सोलर कंपनीचा दलाल आमच्या भावकीची जमीन २९ वर्षांच्या भाड्याने मागतोय. शंभराच्या स्टँपवर नोटरी करू म्हणतो. करावं का?
– वाचक, साक्री तालुका

उत्तर : करू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाड्याने किंवा गहाण द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्याहून जास्त मुदतीला किंवा विक्रीला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. नोटरीच्या शिक्क्याने परवानगी मिळत नाही. अनुसूचित क्षेत्रात जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार पेसाने ग्रामसभेलाही दिला आहे, तेव्हा प्रस्ताव तिथे मांडायला लावा.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, आधारची छायाप्रत दिली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा. सातबारा आणि आठ-अ आजच काढून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सही आधीच झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जात भावकीतल्या सगळ्या खातेदारांची नावं घाला, कारण एकाने माघार घेतली की दलाल बाकीच्यांना एकटं गाठतो.